माया ठेवून शिवा: एकच निबंध अनेक कॉलेजांच्या अर्जांत कसा वापरायचा

दरवर्षी गणपतीच्या आसपास माझ्या जेवणाच्या टेबलाचा ताबा बारावीची मुलं घेतात. त्यांना अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचे असतात, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅम, दहा कॉलेजं, तीस प्रश्न. सगळ्यांना वेगवेगळं लिहायचं?" दुसरं एखादं त्याच्याही पुढे गेलेलं असतं. त्याने एक निबंध लिहून ठेवलेला असतो आणि तोच सगळीकडे चिकटवायचा बेत असतो.

दोघांनाही मी आमच्या शिंप्याचं उदाहरण देते. ब्लाउज शिवताना तो बाजूच्या शिलाईत इंचभर माया सोडतो. पुढे अंग भरलं की उसवून सैल करता येतो, उतरलं की आत घेता येतो. माया न ठेवता शिवलेला ब्लाउज एकदाच बसतो. निबंध अनेक ठिकाणी वापरायचा असेल तर तो पहिल्यांदा शिवतानाच माया ठेवावी लागते. ती नंतर आणता येत नाही.

स्वतःचं लिखाण अनेक अर्जांत वापरण्यात गैर काहीच नाही, हे आधी सांगून टाकते, कारण काही पालकांना उगाच धाकधूक असते. कॉमन ॲप म्हणजे एकच ऑनलाइन अर्ज भरून तो अनेक कॉलेजांना पाठवायची सोय. तिची रचनाच त्यावर उभी आहे. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून ती सुरू केली, आज त्यात हजारावर कॉलेजं आहेत. मुख्य निबंध एकच, २५० ते ६५० शब्दांचा, आणि तो तुमच्या यादीतल्या सगळ्या कॉलेजांना जातो. यादीत जास्तीत जास्त २० कॉलेजं बसतात. घोळ होतो तो त्यापुढे: प्रत्येक कॉलेजचे वेगळे प्रश्न, ज्यांना सप्लिमेंट म्हणतात, आणि कॉमन ॲपच्या बाहेरचे अर्ज.

पहिलं काम: प्रश्न एका ठिकाणी आणा

लिहायला बसू नका. आधी एक एक्सेल शीट उघडा आणि प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा त्यात उतरवा. स्वतःच्या शब्दांत सारांश करू नका. "तुमच्या समाजाबद्दल सांगा" आणि "तुमच्या समाजात तुम्ही काय बदललंत" हे दोन प्रश्न सारांशात एक होऊन जातात आणि मग उत्तर चुकतं. प्रश्नाशेजारी मर्यादा लिहा, आणि ती शब्दांची आहे की अक्षरांची तेही लिहा. कॉमन ॲपच्या ॲक्टिव्हिटीच्या रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, स्पेस धरून. अक्षरांना शब्द समजून मोठा परिच्छेद लिहून आणणारा मुलगा मला दरवर्षी एक तरी भेटतो.

कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. सप्लिमेंटचे प्रश्न साधारण त्याच सुमारास पक्के होतात. मागच्या वर्षीचे प्रश्न कुठून तरी मिळवून मे महिन्यातच लिहून टाकणाऱ्यांची मला भीती वाटते. प्रश्न बदलला तरी त्यांना आपलं उत्तर बदलवत नाही.

डेडलाइनच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही टाका, आणि कुठली वेळ तेही. कॉमन ॲपवर साधारणपणे तुमच्या इथली रात्री ११:५९ धरतात. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मात्र तिथल्या घड्याळाने चालतात. त्यांची शेवटची तारीख ३० नोव्हेंबरच्या सुमारास असते, शनिवार-रविवार आला की थोडी पुढे सरकते. तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची दुपारची दीड. अनेक कॉलेजांची लवकरची फेरी १ नोव्हेंबरला संपते. तो काळ दिवाळीचा. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरलाच होतं, आणि एक मुलगी रांगोळी अर्धवट टाकून माझ्याकडे धावत आली होती.

दुसरं काम: ढीग लावा

शीट भरली की लक्षात येतं की तीस प्रश्न खरे पाच-सहाच आहेत. तू कोण? हाच विषय का? आमच्याचकडे का? तुझी माणसं कोण आणि त्यांच्यात तू काय करतोस? तू जीव लावलेली एक गोष्ट कोणती? आणि शेवटचा ढीग तिरपागड्या प्रश्नांचा. शिकागो विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. स्टॅनफर्ड कितीतरी वर्षं भावी रूममेटला चिठ्ठी लिहायला सांगतं, तीही याच ढिगात.

प्रत्येक प्रश्नाला ढिगाचा रंग द्या. "तू कोण" आणि "तुझी माणसं" या ढिगांत पुनर्वापर भरपूर होतो. "हाच विषय का" हा तर जवळजवळ सगळीकडे तोच, फक्त मापं वेगळी. "आमच्याचकडे का" इथे फार थोडा होतो. तिरपागड्या ढिगात करूच नये. रूममेटच्या चिठ्ठीत मुख्य निबंधातला परिच्छेद घातला की तो लगेच ओळखू येतो. रूममेटला कुणी इतकं इस्त्री केलेलं इंग्रजी लिहीत नाही.

तिसरं काम: प्रसंग सैल लिहा

आता लिहायचं, पण निबंध नाही. आयुष्यातले सहा-सात प्रसंग, प्रत्येकी आठशे-हजार शब्द, कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देता. कोण होतं, काय बोललं, वास कसला होता, आकडे किती, तुम्हाला तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटतं. सुंदर वाक्यांच्या मागे लागू नका. शाळेतल्या निबंधाची सुरुवात सुविचाराने करायची सवय असेल तर ती इथेच सोडा.

ही तुमची माया. सहाशेपन्नास शब्दांचा घोटीव निबंध ताणून दुसऱ्या प्रश्नाला बसवता येत नाही. हजार शब्दांच्या सैल लिखाणातून मात्र तीन वेगळे निबंध निघतात.

एक उदाहरण जवळून दाखवते. मुलीच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून. ती पुण्याच्या बाहेरच्या भागात राहते, जिथे एप्रिल-मेमध्ये सोसायट्या टँकरवर चालतात. टँकर दहा हजार लिटरचा. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणजे एका टँकरने पाणी ५० सेंटिमीटर चढायला हवं. हिने बांबूवर खडूने खुणा केल्या आणि मोजलं. ४३ भरले. दुसऱ्या दिवशीही तेवढेच. हिने फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, मोठी खळबळ माजली, कमिटीने टँकरवाल्याचे पैसे अडवले. मग एके दिवशी टँकरच्या ड्रायव्हरकाकांनीच तिला बोट दाखवून विचारलं, "ताई, तो पंप चालू आहे ना?" टँकर रिकामा होत असताना गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप चालू असायचा. चौदाशे लिटर चोरीला गेले नव्हते, वर गेले होते.

तिच्या सैल लिखाणात हे सगळं होतं, शिवाय काकांनी दिलेला चहा, ग्रुपवर माफी लिहिताना तीनदा पुसलेला मेसेज, आणि "मुलीच्या जातीला काय गरज होती" असं म्हणणारे शेजारचे आजोबाही होते.

चौथं काम: केंद्र बदला, मग शब्द कापा

इथेच बहुतेकांचं चुकतं. ६५०चे ३५० करायचे म्हटलं की मुलं विशेषणं काढतात, दोन वाक्यं जोडतात, वर्ड काउंटकडे बघत बसतात. शेवटी तोच निबंध गुदमरलेला दिसतो. प्रश्न बदलला की गोष्टीचा मध्यबिंदू बदलतो. तो आधी ठरवा. मग काय काढायचं ते आपोआप कळतं.

या मुलीचा कॉमन ॲपचा निबंध चूक होण्याबद्दल होता. त्याची सुरुवात (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते) अशी: "खडूची खूण ४३वर होती. ५०वर हवी होती. मी बांबूचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आपल्याला फसवलं जातंय.' चारशे घरांनी ते वाचलं." पुढचा सगळा निबंध त्या वाक्याचं ओझं आणि माफीचा मेसेज यांच्यावर. आजोबा त्यात आहेत, चहा आहे, पंप शेवटाजवळ येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज कॉमन ॲपमधून जात नाही, त्यांचा स्वतःचा आहे. आठ प्रश्न, त्यांतले कोणतेही चार, प्रत्येकी कमाल ३५० शब्द. त्यांतला सातवा प्रश्न विचारतो की शाळा किंवा आपला समाज अधिक चांगला व्हावा म्हणून तुम्ही काय केलंत. इथे तिची लाज कामाची नाही. इथली सुरुवात: "आमच्या सोसायटीत टँकर आला की वॉचमन आधी पंप बंद करतो आणि केबिनमधल्या वहीत वेळ लिहितो. ही वही मी सुरू केली, एका चुकीनंतर." चूक दोन वाक्यांत आटोपली. उरलेल्या जागेत वही, कमिटीची बैठक, शेजारच्या दोन इमारतींनी तीच पद्धत उचलणं. आजोबा गेले. चहाही गेला, त्याचं तिला फार वाईट वाटलं.

कॉमन ॲपबाहेरच्या दुसऱ्या एका अर्जातल्या "हाच विषय का" या दोनशे शब्दांच्या उत्तरात पंपच पहिल्या ओळीत आला: "सात सेंटिमीटर कुठे गेले हे शोधायला मला तीन आठवडे लागले, कारण मी टाकीत येणारं पाणी मोजत होते, जाणारं नाही." माणसं जवळजवळ सगळी बाहेर. इथे ती पाण्याच्या अभियांत्रिकीकडे का वळते एवढंच.

तीन उत्तरं, प्रसंग एक, आणि समान वाक्य एकही नाही. याला मी चांगला पुनर्वापर म्हणते. वेळही वाचतो: पहिल्या निबंधाला तिला तीन आठवडे लागले, तिसऱ्याला एक संध्याकाळ.

शब्दसंख्येबद्दल एक साधा हिशेब उपयोगी पडतो. ६५० शब्दांत एक प्रसंग आणि त्यामागचं आयुष्य मावतं. ३५०मध्ये प्रसंग आणि परिणाम. २५०मध्ये एक क्षण आणि एक विचार. शंभर-सव्वाशेत फक्त एक गोष्ट, तीही थेट पहिल्या वाक्यात. १००च्या उत्तराला प्रस्तावना लिहिलीत तर उत्तर लिहायला जागाच उरत नाही.

पाचवं काम: कॉलेजनिहाय वाचा

आता दुसरी शीट. उभ्या रकान्यांत कॉलेजं, आडव्या ओळींत प्रसंग. कोणत्या कॉलेजला कोणता प्रसंग गेला तिथे खूण. नियम एकच: एका रकान्यात एक प्रसंग एकदाच.

तुमचा अर्ज वाचणारा माणूस तुमच्या दहा कॉलेजांचे निबंध शेजारी ठेवून बघत नाही. तो त्याच्या कॉलेजला आलेलं पाकीट बघतो. त्या पाकिटात टँकर मुख्य निबंधातही आणि समाजाच्या प्रश्नातही आला, तर त्याला वाटतं की या मुलीच्या आयुष्यात टँकरखेरीज काही घडलेलंच नाही. म्हणून कॉमन ॲपमधल्या कॉलेजांच्या सप्लिमेंटमध्ये टँकर बाद. तिथे तिने आजीबरोबर सोडवायच्या शब्दकोड्यांवर लिहिलं. कॅलिफोर्नियाला मुख्य निबंध जातच नाही, तिथे टँकर खुशाल. एमआयटीचाही अर्ज स्वतंत्र, तिथेही तेच.

कॅलिफोर्नियाबद्दल आणखी एक गोष्ट. त्यांची पदवीची नऊ संकुलं आहेत आणि तुम्ही जितकी निवडाल तितक्यांना तीच चार उत्तरं जातात. त्यामुळे उत्तरात एकाही संकुलाचं नाव घालू नका. बर्कलीवरचं प्रेम डेव्हिसच्या वाचकाला कशाला सांगायचं?

"आमच्याचकडे का" हा ढीग वेगळा हाताळा

हे उत्तर दोन अर्ध्यांचं असतं. एक अर्धं तुमचं: तुम्हाला काय करायचंय, कोणता प्रश्न डोक्यात घोळतोय. ते प्रत्येक कॉलेजला जवळपास तसंच जाऊ शकतं. दुसरं अर्धं त्यांचं, ते प्रत्येक वेळी नव्याने लिहावं लागतं. इथे शॉर्टकट नाही आणि शोधूही नका.

परीक्षा सोपी आहे. कॉलेजचं नाव बोटाने झाका आणि मोठ्याने वाचा. "जागतिक दर्जाचे प्राध्यापक, वैविध्यपूर्ण विद्यार्थी आणि संशोधनाच्या संधी" हे कुठेही चालतं, म्हणून कुठेच चालत नाही. एखाद्या विषयाचं नेमकं नाव, एखादी प्रयोगशाळा, पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना मिळणारा प्रकल्प, असं काहीतरी हवं की दुसऱ्या कॉलेजचं नाव घातलं तर वाक्य खोटं पडेल. येल "येलच का" हे १२५ शब्दांत विचारतं. त्यातले साठ तुमचे, साठ त्यांचे, असा साधारण हिशेब ठेवा. पर्ड्यू दोन वेगळे प्रश्न विचारतं, एक विषयाचा आणि एक विद्यापीठाचा, तेव्हा तुमचं अर्धं आपोआप विषयाच्या उत्तरात जातं. दोन्हीकडे तेच लिहू नका.

इंग्लंडसाठी वेगळी वही

काही मुलं अमेरिकेबरोबर इंग्लंडलाही अर्ज करतात आणि कॉमन ॲपचा निबंध युकासच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जाच्या, रकान्यात ओततात. तो तिथे शोभत नाही. २०२६च्या प्रवेशापासून युकासचं पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का, अभ्यासाने तुमची काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. तुम्ही निवडलेल्या पाचही पर्यायांना तेच जातं, म्हणून इथेही कुठल्या विद्यापीठाचं नाव नको. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते.

टँकरच्या मुलीने तिथे काकांचा चहा कुठेच घातला नाही. मोजमापातली चूक तिसऱ्या उत्तरात चार ओळींत आली. बाकी सगळं विषयाबद्दल. युकास प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंटांशी ताडून बघतं, तेव्हा दादाने चार वर्षांपूर्वी लिहिलेलं "जरा बदलून" घेण्याचा मोह आवरा. कॉमन ॲपही दुसऱ्याचं लिखाण, किंवा एआयने तयार केलेला मजकूर, स्वतःचा म्हणून देण्याला फसवणूकच मानतं. पुनर्वापर स्वतःच्या मालाचा करायचा.

पाठवायच्या आधी

मी एकदा तोंडघशी पडले ती गोष्ट. एका मुलाचं उत्तर मी चार वेळा वाचलं, कॉलेजचं नाव बरोबर होतं, प्राध्यापकही बरोबर. पाठवून झाल्यावर त्याची आई म्हणाली, "मॅम, इथे क्वार्टर कुठे असतात?" त्याने आधीच्या विद्यापीठासाठी (तिथे वर्ष सेमिस्टरऐवजी तिमाह्यांत, म्हणजे क्वार्टरांत, विभागतात) लिहिलेलं "तुमच्या क्वार्टर पद्धतीमुळे जास्त विषय घेता येतील" हे वाक्य जसंच्या तसं राहिलं होतं, आणि हे कॉलेज सेमिस्टरवर चालणारं. नाव शोधलं, बाकी काही शोधलंच नाही.

तेव्हापासून मी मुलांना शोधायच्या शब्दांची यादी करायला लावते: आधीच्या सगळ्या कॉलेजांची नावं आणि टोपणनावं, शहर, खेळाच्या संघाचं नाव, क्वार्टर, सेमिस्टर, स्कूल की कॉलेज की डिपार्टमेंट, "तिसरा प्रश्न", "वर सांगितल्याप्रमाणे". प्रत्येक शब्द कंट्रोल-एफ करून बघायचा. मग पाठवण्याआधी जो प्रीव्ह्यू दिसतो तो पीडीएफ उघडून कागदावर छापायचा. पडद्यावर सुटलेली चूक कागदावर सापडते, का ते मला माहीत नाही, पण सापडते. रकान्यात पेस्ट करताना तिरकी अक्षरं आणि परिच्छेदांमधली जागा गायब होऊ शकते, तेही तेव्हाच दिसतं.

फाइलींची नावं "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशी ठेवू नका. कॉलेज, प्रश्न, शब्दसंख्या, तारीख, बस. आणि एका कॉलेजला पाठवल्यानंतर कॉमन ॲपचा मुख्य निबंध पुढच्या कॉलेजांसाठी बदलता येतो हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. नोव्हेंबरनंतर तो एकदा परत वाचाच. जानेवारीपर्यंत तुमची लेखणी सुधारलेली असते, आणि तोवर निबंध मात्र ऑक्टोबरचाच असतो.

क्रमाबद्दल माझं मत: स्वप्नातल्या कॉलेजपासून सुरुवात करू नका. मुदत सांभाळून, आधी यादीतल्या मधल्या कॉलेजची उत्तरं लिहा. तिसऱ्या-चौथ्या वेळी प्रत्येक तुकडा छान बसतो. सातव्या-आठव्या वेळी तो शिळा होतो, मुलाला स्वतःलाच त्याचा कंटाळा आलेला असतो आणि ते वाचताना कळतं. तिथे तुकडा बाजूला ठेवा आणि सैल लिखाणातला दुसरा प्रसंग काढा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काही कॉलेजांचे माजी विद्यार्थी मुलाखतीला बोलावतात, नेमकं बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या धामधुमीत. त्यांनी तुमचा अर्ज बहुधा वाचलेला नसतो. पण त्यांचा अहवाल तुमच्या पाकिटात जाऊन पडतो, तुमच्या निबंधाशेजारीच. म्हणून आदल्या रात्री दहा फाइली चाळत बसू नका. त्या एका कॉलेजला पाठवलेला पीडीएफ काढा आणि तेवढाच वाचा. तुमच्या गोष्टीच्या कोणत्या आवृत्तीत पंप आधी आला होता आणि कोणत्यात शेवटी, हे तुम्हाला आठवत असेल असं वाटतं. आठवत नाही.